शेवाळाचा उपास

गच्चीवर वीस-वीस लिटरच्या पाच बाटल्यांत हिरवं पाणी बघून सोसायटीच्या चेअरमननी विचारलं, "मॅडम, डास होतील ना?" चोवीस तास बुडबुडे सोडणाऱ्या पाण्यात डास अंडी घालत नाहीत, हे त्यांना दोनदा सांगितलं. कोथरूडमध्ये निवृत्त रसायनशास्त्राच्या बाईला एवढं सहन करावंच लागतं.

बाटल्यांत होतं क्लोरेला, म्हणजे एकपेशी शेवाळ; त्यातून इंधनाचं तेल निघतं का, ते बघायचं होतं. ऊन, हवा, चिमूटभर युरिया, बस. शेवटच्या आठवड्यात युरिया बंद केला. नायट्रोजन मिळेनासा झाला की पेशींना प्रथिनं करता येत नाहीत, मग उन्हातून कमावलेलं त्या चरबी म्हणून साठवतात. माझ्या नणंदेचा चातुर्मास आठवला: उपास, साबुदाण्याची खिचडी आणि वाढलेलं वजन. फरक इतकाच की उपाशी शेवाळाची वाढही मंदावते. तेल हवं तर पीक कमी, पीक हवं तर तेल कमी.

पण खरी गंमत पुढे. पेशी इतक्या बारीक की कापडातून सरळ निघून जातात. शेवटी तुरटी फिरवली, रात्रभर ठेवलं, वरचं पाणी नळीनं काढलं आणि खालचा साका ताटात पसरून वाळवला. शंभर लिटरमधून ३१ ग्रॅम! त्यात थोडी तुरटीही असणार.

पाचवा हिस्सा तेल धरलं तरी सहा ग्रॅम. म्हणजे ०.०६ युनिट ऊर्जा. आणि माझ्या पाच वॉटच्या पंपानं तीन आठवड्यांत खाल्ली अडीच युनिट वीज.

अमेरिकेनं १९७८ ते १९९६ शेवाळापासून इंधन याच विषयावर सरकारी कार्यक्रम चालवला. न्यू मेक्सिकोत रॉसवेलला मोठे तलाव केले, तर रात्रीच्या थंडीनं वाढ खुंटली. एक्सॉन या तेल कंपनीनं २००९ मध्ये यात हात घातला आणि २०२३ मध्ये काढून घेतला. शेवाळात तेल किती, याचे आकडे सगळे हौसेनं सांगतात. ते पाण्यातून वेगळं करायला काय पडतं, ते मला त्या ताटानं सांगितलं.

यांनी विचारलं, "एकूण किती निघेल गं?"

"सातेक मिली."

"मग समईत घाल."

तेल विरघळवून काढायला लागणारं हेक्झेन घरात आणायला आमच्याकडे बंदी आहे, त्यामुळे समईचंही राहिलं. भुकटी मोगऱ्याला घातली. बाटल्या मात्र धुऊन ठेवल्यात. चेअरमनना अजून सांगितलेलं नाही.