डब्यांचं कपाट

काका साडेसातपर्यंत गादीवरच होते. गादीखालची पट्टी श्वास आणि हृदयाचे ठोके टिपते, माणूस उठला की तिला कळतं. मग पहाटे पावणेसहाला स्वयंपाकघरातलं डब्यांचं कपाट ११ वेळा कोणी उघडलं?

मी पुण्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारी माणसाला रोजची कामं जमावीत म्हणून मदत करते. काकांना अल्झायमर. कोथरूडला ते आणि काकू दोघंच राहतात, मुलगा परदेशात. दर सहा महिन्यांनी ओपीडीत ३० गुणांची चाचणी होते: आज वार कोणता, १०० मधून ७ वजा करत जा. त्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून येतात, सगळा जीव एकवटून उत्तरं देतात आणि गुण मागच्याइतकेच पडतात. घरी मात्र आंघोळ झाली की ओल्या अंगावरच शर्ट चढवतात. त्या एका तासावर माझा विश्वास नाही, म्हणून मी घरात सेन्सर लावते: गादीखाली, भिंतीवर, कपाटाच्या दाराला.

ते लावणं म्हणजे भिंतीला डबी चिकटवणं नव्हे. उन्हाने तापलेला पडदा पंख्याने हलला तरी हालचालीचा सेन्सर माणूस आल्याची नोंद करतो. या घरात मी तो दोनदा हलवला. वीज गेली, राउटर बंद पडला, की नोंदीत नुसती शांतता दिसते. ती शांतता खरी की तुटलेली, हे दर वेळी तपासावं लागतं. सगळ्यात अवघड म्हणजे, कोण चाललंय हे सेन्सरला कळत नाही. अमेरिकेत पोर्टलंडच्या संशोधकांनी सत्तरीपुढच्या ९३ जणांचा घरातल्या घरात चालण्याचा वेग तीन वर्षांपर्यंत मोजला, २०१२ साली ते छापून आलं. पण ती सगळी एकटी राहणारी माणसं. आपल्याकडे कामवाल्या मावशी, शेजारीण, पाहुणे. सेन्सर बनवणाऱ्या कंपनीच्या माणसांना हे सांगून मी थकले. त्यांच्या ॲपवर मुलाला फक्त हिरवा ठिपका दिसतो, आणि तो पाहून तो निर्धास्त होतो.

चार महिन्यांपूर्वी ते कपाट सकाळच्या चहाला तीन-चारदा उघडायचं. आता दहा-अकरादा. ‘काका पहाटे उठून फिरू लागले आहेत’ असं मी अहवालात लिहूनही टाकलं होतं. पाठवण्याआधी पट्टीच्या वेळा जुळवून पाहिल्या आणि हातच थांबला.

दुसऱ्या दिवशी गेले. काकू चहा टाकायला उठल्या. तांदळाचा डबा, पोह्यांचा, रव्याचा, पुन्हा तांदळाचा. प्रत्येक झाकणावर त्यांच्याच अक्षरात नवी चिठ्ठी होती. ‘साखर’वर बोट ठेवून त्यांनी ती वाचली, मग झाकण उघडलं.

‘‘तुम्हाला दिसलं ना ताई ते?’’ पाठमोऱ्याच म्हणाल्या. ‘‘लेकाला नका कळवू. माझंही असं झालं तर यांच्याकडे कोण बघणार?’’

संमतीपत्रावर काकूंनी सही केली होती, पण ती काकांच्या वतीने. त्यांच्या स्वतःच्या नोंदींबद्दल त्यात एक ओळ नव्हती. तो कागद मीच भरून घेतला होता.

मी त्यांना सांगितलं, की बी-१२ कमी असलं, थायरॉइड बिघडलं, झोप झाली नाही, तरी असं विसरायला होतं आणि त्यातलं बरंचसं सुधारतं. काका रात्रीतून चार वेळा उठतात हे पट्टीवर मी महिनोन्‌महिने पाहत होते. प्रत्येक वेळी त्यांच्यामागे काकूही उठत असणार, हे एकदाही डोक्यात आलं नाही. याचं फार वाईट वाटलं.

रक्त तपासायला त्या तयार झाल्या. ‘‘पण ते कपाटावरचं काढून न्या,’’ म्हणाल्या. मी तिथेच काढलं.

बी-१२ खरंच कमी निघालं. इंजेक्शनं चालू आहेत. झाकणांवरच्या चिठ्ठ्या अजून आहेत. पहाटे कपाट किती वेळा उघडतं, ते आता मला कळत नाही.

परवा मुलाचा फोन आला. ‘‘आई कशी वाटते?’’ त्याने विचारलं. मी काकांबद्दल बोलत राहिले.