तुम्ही विचारलंत म्हणून: शिवलेल्या वस्तू ऑनलाइन विकायला घ्याव्यात का?

"हात चांगला बसलाय, सगळे कौतुक करतात, मग नोकरी सांभाळून ऑनलाइन विक्री सुरू करू का?" हे मला वरचेवर विचारलं जातं. माझं सांगणं एकच: आधी एक वस्तू निवडा आणि तिचे १० नग एकदम शिवून बघा. एक सुंदर नग बऱ्याच जणांना जमतो. दहावाही तितकाच नेटका यायला हवा, कारण फोटो एकाचा असतो आणि घरी पोचतो दुसराच.

कपड्यांपासून सुरुवात नको, मापात बसले नाहीत की परत येतात. अस्तर लावलेला चेनचा पाऊच घ्या.

सुती कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच बेता. नाहीतर पहिल्या धुण्यात कापड आटतं, चेन आटत नाही, आणि तोंडाशी लाटा येतात. लाल, काळा, गडद निळा रंग असेल तर ओलं पांढरं फडकं घासून बघा. फडक्याला रंग लागला तर ते कापड विक्रीसाठी घेऊ नका.

मापं ठरवताना पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी बघा, फायदा तिथेच होतो किंवा बुडतो. पन्हा ११० सेंमी आणि तुकडा २६ बाय १८ सेंमी असेल (यात १ सेंमी माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेली जादा कड, धरली आहे), तर एका ओळीत ४ तुकडे बसतात. १० पाऊचच्या २० तुकड्यांना ९० सेंमी कापड पुरतं. तुकडा २८ सेंमी रुंद केलात की ओळीत ३च बसतात आणि १२६ सेंमी लागतं. नक्षी उभी असेल तर तुकडे फिरवूनही घेता येत नाहीत. अस्तराचाही हिशेब हाच.

सगळ्यात जास्त बिघडतात चेनची टोकं. ती बाजूच्या शिवणीत घेतली तर तिथे गाठ होते, सुई मोडते आणि कोपरा दबून बसतो. चेन थोडी आखूड ठेवून दोन्ही टोकांना कापडाच्या पट्ट्या जोडा, म्हणजे शिवणीत फक्त कापड येईल. बाजू शिवण्याआधी चेन अर्धी उघडी ठेवा, नाहीतर पाऊच उलटवताच येत नाही.

आता घड्याळ. बेतणं, इस्त्री, शिवण, धागे तोडणं, फोटो, पॅकिंग, गिऱ्हाइकांना उत्तरं, सगळ्याचा वेळ लिहा आणि १० ने भागा. शिवणयंत्रावरचा वेळ बहुतेकदा निम्माही नसतो. त्या वेळेचा मोबदला, सामान आणि पॅकिंग यांची बेरीज करा. ऑनलाइन साइटचं कमिशन विक्रीच्या किमतीवर कापलं जातं, हे लक्षात ठेवा. हातात १०० यायला हवेत आणि कमिशन १० टक्के असेल, तर ११० लावून भागत नाही. ११ कापून ९९च उरतात. १०० ला ०.९ ने भागा, किंमत ११२ ठेवा.

ही किंमत कोणी देणार नाही असं वाटलं, तर स्वतःची मजुरी कापू नका, कृपा करून. डिझाइन बदला: आतला खिसा काढा, तुकडे कमी करा, आणि पुन्हा १० शिवून वेळ मोजा. "माझ्यासाठी जरा वेगळा रंग, त्यावर नाव" अशा ऑर्डरी निदान सुरुवातीला नाकारा. त्या एका नगासाठी रीळ, बॉबिन, बेत सगळं नव्यानं लावावं लागतं, आणि १० नग एकत्र करून वाचवलेला वेळ तिथेच जातो.