घानात तीन आठवडे आणि हातात नुसती घंटा

पुण्यात सात वर्षं पथकात ढोल वाजवलाय, त्यामुळे एवे लोकांचं ड्रमिंग शिकायला घानाला निघालो तेव्हा तीन आठवडे म्हणजे आपल्याला बास असंच डोक्यात होतं. व्हिसा, फ्लाइट सगळं सुरळीत, आक्राहून ट्रोट्रोने (आपली वडाप समजा) टोगोच्या बॉर्डरजवळच्या गावात पोचलो, 'वोएझो' म्हणून स्वागत झालं. माझा डोळा आत्सिमेवुवर, म्हणजे मेन ढोल, जवळपास माणसाएवढा उंच, स्टँडवर तिरका टेकवलेला.

आणि शिकवणाऱ्या एफोंनी (तिकडे दादाला एफो म्हणतात) हातात काय दिलं, तर गान्कोगुइ. लोखंडाची जोडघंटा आणि एक काठी.

सात ठोके, बस्स. मला वाटलं अर्ध्या तासात उरकेल. नऊ दिवस!! आग्बाज्याचं (एवे लोकांचा एक नाच, त्याचंच हे वादन) आवर्तन बारा मात्रांचं, आणि लहानपणी तबल्याच्या क्लासला जाऊन एकताल (तोही बारा मात्रांचा, पण दोन-दोनच्या भागांत) डोक्यात बसलेला, म्हणून मी आपले दोन-दोनचे तुकडे पाडत होतो. ठोके येतात १, ३, ५, ६, ८, १०, १२ वर. पहिले तीन मस्त बसतात आणि सहावर गाडी घसरते. शेजारी आठ-नऊ वर्षांचं पोरगं आक्सात्से (मण्यांची जाळी घातलेला भोपळा) मांडीवर आपटत माझ्याकडे बघून हसायचं. मी रोज विचारायचो, एफो, उद्या ढोल? ते म्हणायचे, आधी घंटा. चिडून मी वहीत चौकोन आखून मात्रा मांडल्या, ती वही त्यांनी शांतपणे उचलून बाजूला ठेवली.

हो, यलो फीव्हरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या, कार्ड तिकडे उतरल्यावर तर लागतंच, भारतात परत येतानाही मागतात.

दहाव्या दिवशी गाणाऱ्या बायकांमधल्या एका आजींनी घंटा काढून घेतली आणि मला नाचायला उभं केलं. पाय पडतात १, ४, ७, १० वर, म्हणजे तीन-तीनने! चारातली दोनच पावलं घंटेवर येतात, पहिलं आणि चौथं, मधली दोन हवेत. माझे पायच चुकत होते, हात बिचारा काय करणार. दहा मिनिटं नाचलो, घंटा परत घेतली आणि ती वाजायला लागली. आजी फक्त "यो" (म्हणजे 'ठीक') म्हणाल्या. म्हणून सांगतो, तिकडे गेलात तर पहिल्या दिवसापासून नाचा, लाजू नका, आणि पैसे द्यायला डावा हात पुढे करू नका.

शेवटच्या आठवड्यात कागानु मिळाला, सगळ्यात छोटा ढोल, लांब बारीक काठ्यांनी दोन पावलांच्या मधे दोन ठोके. दहा मिनिटं मस्त चाललं, मग लयीत जरा पळालो, तर एफोंनी काठ्या घेतल्या आणि हातात परत घंटा.