रस्त्याने मुसंदम: दुबईहून खसबपर्यंत

मुसंदम हा ओमानचाच प्रांत असला तरी मधल्या संयुक्त अरब अमिरातीमुळे तो उरलेल्या ओमानपासून तुटलेला आहे, आणि म्हणूनच दुबईत राहणाऱ्या आमच्यासारख्या मराठी कुटुंबांना तो मस्कतपेक्षा कितीतरी जवळ पडतो. रास अल खैमामार्गे मुसंदमचे मुख्य गाव खसब सुमारे 200 किलोमीटर आहे, परंतु पोहोचायला लागणारा वेळ या अंतरापेक्षा अल दाराच्या सीमानाक्यावर आणि त्यातही गाडीच्या कागदपत्रांवर जास्त अवलंबून असतो.

माणसांची कागदपत्रे तशी सोपी असतात. पासपोर्ट, अमिरातीचा निवासी व्हिसा आणि रॉयल ओमान पोलिसांच्या संकेतस्थळावरून आम्ही आधीच काढून ठेवलेला ई-व्हिसा एवढ्यावर आमचे काम झाले. गाडीसाठी मात्र मुल्किया, म्हणजे नोंदणीपत्र, चालवणाऱ्याच्या नावाचे असावे लागते, नाहीतर मालकाचे नाहरकतपत्र सोबत ठेवावे लागते. शिवाय अमिरातीतला प्रत्येक विमा ओमानमध्ये लागू होतोच असे नाही. तो लागू असल्याचा दाखला, ज्याला सगळे ऑरेंज कार्ड म्हणतात, विमा कंपनीकडून मागून घेऊन त्याची छापील प्रत हाताशी ठेवावी. आमच्या पुढच्या गाडीतील गृहस्थ तो दाखला मोबाइलमध्ये शोधत बाजूला उभे राहिले होते, तेव्हा छापील कागदाचे मोल मला चांगलेच पटले.

अमिरातीच्या बाजूने बाहेर पडताना माणशी 35 दिरहॅम शुल्क भरले, शिक्के घेतले आणि थोडे पुढे जाऊन ओमानच्या तिबात ठाण्यावर पुन्हा रांगेत उभे राहिलो. तिथे गाडीतून उतरून खिडकीपाशी जावे लागते. अधिकाऱ्याने आईकडे पाहून लगेच खुर्ची दाखवली आणि शिक्के होईपर्यंत तिला उठू दिले नाही. सीमाशुल्काच्या माणसाने डिकी उघडायला लावली, आईच्या औषधांची पिशवी पाहिली, डॉक्टरांची चिठ्ठी वाचली आणि जायला सांगितले. ज्येष्ठ माणसे सोबत असतील तर ती चिठ्ठी औषधांसोबतच ठेवावी.

तिथून खसबपर्यंतचे सुमारे 40 किलोमीटर विसरता येणार नाहीत. डावीकडे समुद्र, उजवीकडे हजर पर्वताचे चुनखडीचे उघडे कडे आणि दोहोंच्या मध्ये जेमतेम मावलेला रस्ता. वाटेत बुखाचा किल्ला अगदी रस्त्यालगत लागतो.

आमचे हॉटेल समुद्रकाठी होते आणि त्याचे चांगले दिवस सरलेले दिसत होते. खाऱ्या वाऱ्याने बाल्कनीच्या कठड्याचा रंग पापुद्र्यांनी सुटला होता, पोहण्याच्या तलावाच्या निळ्या फरश्या उन्हाने पांढुरक्या झाल्या होत्या आणि एसी सुरू होताना आधी काही वेळ नुसता घरघरत असे. चादरी मात्र स्वच्छ होत्या, मासळी ताजी होती आणि बाल्कनीतून होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या दिशेने जाणाऱ्या होड्या दिसत होत्या. नव्या चकचकीत हॉटेलाऐवजी हे निवडल्याचे मला समाधान आहे, कारण खसब हे बंदराचे गाव आहे आणि त्याचा दिवस समुद्राकडे तोंड करून बसल्यावरच कळतो.

दुसऱ्या दिवशी धाऊ या पारंपरिक लाकडी गलबतातून खोर शाम या डोंगरकड्यांमधल्या खाडीत गेलो. तिथल्या टेलिग्राफ बेटावर ब्रिटिशांचे तारठाणे होते. 1864 साली ग्वादरहून इराकमधील फावपर्यंत टाकलेली समुद्राखालची तार मुसंदमवरून नेली होती आणि ग्वादर जमिनीवरील तारेने कराचीशी, म्हणजे त्या काळच्या मुंबई इलाख्याशी, जोडलेले होते. चहूबाजूंनी तापलेले कडे असलेल्या त्या इवल्याशा खडकावर माणसे राहून काम करत होती, हे पायऱ्यांचे अवशेष पाहताना खरेच वाटेना. ते ठाणे काही वर्षांतच बंद झाले.

परतीचा दिवस निवडताना सुट्ट्यांकडे लक्ष द्यावे. 2022 पासून अमिरातीत शनिवार-रविवार सुट्टी असते, त्यामुळे रविवारी संध्याकाळी दुबईकडे निघालेल्या गाड्या नाक्यावर एकदमच येतात. आम्ही न्याहारी उरकून सकाळीच खसब सोडले. ओमानचा निर्गमन शिक्का गाडीत बसल्या बसल्या मिळाला, अमिरातीच्या बाजूला फक्त पासपोर्ट आणि मुल्किया पाहिले आणि जेवणाच्या वेळेपर्यंत आम्ही रास अल खैमात पोहोचलो होतो.