चालू कॅम्पेन २०२४ च्या नियमांवर आणलं, त्याचा अनुभव

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ, त्याची पाचवी एडिशन २०१४ ला आली तेव्हापासून मी सांगलीत डीएमिंग करतेय, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवतेय, विश्रामबागेत आमच्या घरी रविवारी संध्याकाळी सगळे जमतात. २०२४ च्या सप्टेंबरात नवीन प्लेयर्स हँडबुक, म्हणजे नियमांचं पुस्तक, आलं तेव्हा माझं सरळ म्हणणं होतं की नको. कॅम्पेन (आमची महिनोन्महिने चालणारी गोष्ट) ऐन रंगात आलंय, नियम तोंडपाठ आहेत, वाद कुठे होतात आणि ते कसे मिटवायचे हेपण ठरलेलंय, मग कशाला मोडायचं? शिवाय पुस्तकं महाग.

मत बदललं ते आमच्या फायटरमुळे, म्हणजे लढवय्याचं कॅरेक्टर खेळणाऱ्यामुळे. हा मित्र हळदीच्या व्यापारात आहे, आठवडाभर मार्केट यार्डात बोलून बोलून दमलेला असतो, म्हणून त्याने मुद्दाम सोपा क्लास (कॅरेक्टरचा प्रकार) घेतलेला. पण सोपा म्हणजे किती, तर त्याचा टर्न आला की फासा टाकायचा, लागला का बघायचं, डॅमेज सांगायचं, संपलं, आणि मग विझार्ड (जादूगार) स्पेल, म्हणजे मंत्र, निवडेपर्यंत हा आपला भडंग खात बसणार. मला ते कायम खुपायचं. त्यानेच कुठूनतरी वेपन मास्टरीचा, म्हणजे प्रत्येक हत्याराच्या खास करामतीचा, भाग वाचला आणि म्हणाला, ताई, फक्त एवढं घेऊया का.

घेतलं. वॉरहॅमरला पुश आहे, म्हणजे हिट बसला आणि समोरचा लार्ज आकाराचा किंवा त्याहून लहान असला की त्याला दहा फूट मागे ढकलता येतं, सेव्ह (वाचायला समोरच्याने टाकायचा फासा) वगैरे काही नाही. त्या दिवशी दरीवरच्या पुलावर ओगर (दांडगा राक्षस) वाट अडवून उभा होता, मी धरून चाललेले की याला मारण्यात चार-पाच राउंड जातील, तर याने आधी विचारलं, पुलाला कठडा आहे का? मी म्हटलं नाही. तो खुर्चीतून उठलाच! ढकललेला माणूस सरळ रेषेत मागे जातो, म्हणून आपण कुठल्या बाजूला उभं राहायचं, आमच्या रोगने (चोरट्या क्लासवाल्याने) ओगरला कुठे गुंतवायचं, सगळं टेबल त्याच्या एका टर्नसाठी प्लॅन करत होतं. ओगर खाली गेला तेव्हा एवढा आरडाओरडा झाला की शेजारच्या काकू गॅलरीत आल्या.

मग मीच बाकीचं वाचायला घेतलं. क्युअर वुंड्स हा जखमा भरायचा स्पेल आता एकाऐवजी दोन डी८ (आठ बाजूंचे फासे) बरं करतो, हीलिंग पोशन बोनस अॅक्शनमधे, म्हणजे टर्नमधल्या छोट्या जादा कृतीत, पिता येतं, त्यामुळे कोणी शून्य हिट पॉइंटवर पडेपर्यंत क्लेरिकने (बरं करणाऱ्या पुजाऱ्याने) थांबायचं ही आमची जुनी सवय सुटली. फायटरला टॅक्टिकल माइंड आहे, अॅबिलिटी चेक (एखादी गोष्ट जमते का याचा फासा) फेल गेला तर सेकंड विंडचा, म्हणजे स्वतःला सावरायच्या फायटरच्या ताकदीचा, एक वापर लावून डी१० मिळवायचा, तरी नाही जमलं तर तो वापर खर्च होत नाही. त्यामुळे आमचा फायटर आता दरबारात बोलायला पुढे होतो, हे मला सगळ्यात जास्त आवडलं.

सगळंच पटलं असं नाही. डिव्हाइन स्माइट, म्हणजे पॅलाडिनचा (पवित्र योद्ध्याचा) दैवी वार, आता स्पेल झालाय आणि बोनस अॅक्शन खातो, आमची पॅलाडिन त्यावर नाराज आहे आणि मला तिचं पटतं, आमच्या टेबलवर तो जुनाच ठेवलाय. टॉपल या समोरच्याला पाडायच्या वेपन मास्टरीमधे दर हिटला समोरच्याचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, लढाई लय रेंगाळते.

कोणाला चालू कॅम्पेन बदलायचं असेल तर सगळ्यांची कॅरेक्टर शीट एका दिवसात बदलू नका. आधी वेपन मास्टरी, मग हीलिंग, आणि लेव्हल वाढेल तेव्हा ज्याचं त्याचं कॅरेक्टर नव्याने लिहा. जुनी अॅडव्हेंचर चालतात, मी २०१४ चे मॉन्स्टर तसेच वापरत होते. आणि सगळ्यांनी पुस्तक घ्यायची गरज नाही, २०२५ च्या एप्रिलमधे ५.२ चा एसआरडी (मूळ नियमांचा दस्तऐवज) क्रिएटिव्ह कॉमन्स या मोकळ्या लायसन्सखाली फुकट आलाय, वेपन मास्टरी त्यात आहे, आमच्यातल्या कॉलेजच्या पोरांचं तेवढ्यावर भागतं.