उसन्या दुःखाची गाणी

चिप आणि टोनी किनमन या कॅलिफोर्नियातल्या भावांचं १९७७ सालचं एक गाणं आहे, 'आय हेट द रिच'. श्रीमंतांवरचा सगळा राग झटक्यात ओकून मोकळं होणारं, अस्सल पंक, म्हणजे वेगवान, कर्कश, बंडखोर रॉक. आणि १९८२ साली हेच दोघे 'रँक अँड फाइल' नावाच्या बँडमधून 'सनडाउन' हा अल्बम घेऊन येतात, तर त्यात चक्क जुन्या कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांच्या संगीताच्या गायकांसारखे जोडीनं, सूर जुळवून गाताहेत! आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या कुणी ढोल-ताशा पथकात आणाव्यात, तसाच प्रकार. पंकवाल्या पोरांनी कंट्री कसं गायलं, त्याचीच ही गोष्ट.

कंट्री हे तसं म्हाताऱ्यांचं संगीत. दारू, कर्ज, तुरुंग, सोडून गेलेलं माणूस. विशीतल्या पोरांना यातली फार तर दारू माहीत असते. तरीही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमध्ये ब्लास्टर्स, लोन जस्टिस, टेक्स अँड द हॉर्सहेड्स असे एकामागून एक बँड हे उसनं दुःख गाऊ लागले, आणि तेही पंकच्या वेगात.

पण ते कितपत उसनं होतं? तिसाच्या दशकात ओक्लाहोमाकडची शेती धुळीला मिळाली, तेव्हा गाडीवर बोचकी बांधून हजारो कुटुंबं कॅलिफोर्नियात आली आणि येताना गाणी घेऊन आली. त्यांच्याच मुलाबाळांसमोर कॅलिफोर्नियातल्याच बेकर्सफील्डच्या बारमध्ये बक ओवेन्स आणि मर्ल हॅगार्ड हे कंट्री गायक वाजवत होते. कंट्रीची राजधानी असलेल्या नॅशव्हिलच्या गुळगुळीत व्हायोलिनांपेक्षा त्यांचं गिटार कितीतरी करकरीत. म्हणजे बंडखोरी त्या घराण्यात आधीपासूनच होती, पोरांनी फक्त आवाज वाढवला.

त्या काळच्या आठवणी सांगणारे लोक मला फार आवडतात. लॉस एंजेलिसच्याच 'एक्स' या पंक बँडच्या जॉन डो यांनी टॉम डीसाव्हिया यांच्यासोबत २०१६ साली लॉस एंजेलिसच्या पंकवर पुस्तक केलं, तेव्हा एकेक प्रकरण त्या काळातल्या एकेका माणसाला लिहायला दिलं. हा मोठा शहाणपणा. एकट्यानं सांगितलेली आठवण हळूहळू स्वतःचा पुतळा उभारू लागते. चारजण सांगायला बसले की कुणीतरी त्या पुतळ्याची टोपी उडवतोच.

आठवणी सगळ्या गोडही नाहीत. लॉस लोबोस हे पूर्व लॉस एंजेलिसचे मेक्सिकन वंशाचे वादक. १९८० साली ऑलिंपिक ऑडिटोरियममध्ये 'पब्लिक इमेज लिमिटेड' या बँडच्या आधी ते आपली पारंपरिक गाणी वाजवायला उभे राहिले आणि पंक प्रेक्षकांनी थुंकून, हाताला लागेल ते फेकून त्यांना पळवून लावलं. बंडखोरांनाही आपल्यासारखाच बंडखोर हवा असतो. पुढे ब्लास्टर्सनी त्यांना आपल्यासोबत मंचावर घेतलं. कंट्री गायक ड्वाइट योकमलाही आधार मिळाला तो लॉस एंजेलिसच्या याच पंक क्लबांत. नॅशव्हिलला तो जास्तच जुन्या वळणाचा वाटला होता आणि इथे डोक्यावर मधोमध केसांचा तुरा (मोहॉक) राखलेली पोरं त्याच्या गाण्यांवर नाचत होती.

माझा जीव मात्र अडकतो तो 'निटर्स' या बँडमध्ये. हा 'एक्स'मधल्याच मंडळींचा जोडधंदा, गिटारवर ब्लास्टर्सचा डेव्ह अल्विन. १९८५ साली त्यांचा पहिला अल्बम आला. त्यात हॅगार्डचं 'सिल्व्हर विंग्ज' आहे, प्रिय माणसाला विमान घेऊन जातं त्याचं गाणं. गाणारे जॉन डो आणि एक्सीन सर्वेंका हे नवरा-बायको, आणि त्यांचा घटस्फोट झाला तोही १९८५ सालीच. आता कोण म्हणेल दुःख उसनं होतं? दोघांचे सूर नीट जुळत नाहीत, किंचित घासत जातात, आणि तेच ऐकायला बरं वाटतं. लग्न मोडलं, पण गाणं मोडलं नाही. चाळीस वर्षं उलटल्यावरही ते शेजारी-शेजारी उभे राहून गाताना दिसले. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला यात फारसं नवल वाटू नये. बोलणं बंद असलं तरी आरतीला सगळे एकत्र उभे असतातच.



आणि नॅशव्हिलचा जेसन रिंगेनबर्ग! इलिनॉयमधल्या शेतावर वाढलेला हा माणूस 'जेसन अँड द स्कॉर्चर्स'बरोबर मंचावर अंगात आल्यासारखा नाचायचा. पुढे तो 'फार्मर जेसन' झाला आणि छोट्या मुलांसाठी शेतातल्या प्राण्यांची गाणी म्हणू लागला. जुन्या चाहत्यांना आता नातवंडांना घेऊन त्याच्याकडे जायला हरकत नाही.

निटर्सचा दुसरा अल्बम आला २००५ साली. पहिल्यानंतर बरोब्बर २० वर्षांनी. नवऱ्याची शिफ्ट संपायची वाट बघावी तशी चाहत्यांनी तोवर वाट पाहिली, आणि तो आला तेव्हा त्या गाण्यांमधलं कर्ज, घटस्फोट आणि पाठदुखी कुणालाही समजावून सांगायची गरज उरली नव्हती.