निवड समिती

युकुलेले वाजवतो म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे ती छोटी गिटार?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "मग कार्यक्रमात कुठलं गाणं?" पहिल्या प्रश्नाला मी आता वाद न घालता 'हो' म्हणतो. दुसऱ्यानं मात्र तीन आठवडे खाल्ले.

माझी समजूत अशी की गाणी आपण निवडतो. वही घेऊन आवडत्या गाण्यांची यादी केली, ती अठरावर गेली. वाजवायची होती तीन. एकेक गाणं हातात घेतलं तेव्हा कळलं की निवड समितीत मी नाहीच. एक सभासद गळा, दुसरी बोटं, आणि अध्यक्षस्थानी बी फ्लॅट नावाची अवघड कॉर्ड.

कॉर्ड म्हणजे एकत्र छेडलेले सूर. सी कॉर्डला एक बोट लागतं, ए मायनरला एक, एफला दोन, जीला तीन. एवढ्या भांडवलावर पांढरी एकमधली (पेटीची ही पट्टी म्हणजेच सी) ढीगभर गाणी निघतात. पण माझ्या गळ्याला सोयीची पांढरी चार, म्हणजे एफ. गाणं तिथं नेलं की बी फ्लॅट हजर! पहिलं बोट दोन तारांवर आडवं झोपवायचं आणि उरलेली दोन तिरकी वर चढवायची. जमलं तर कॉर्ड, नाहीतर नुसती लाकडावर टकटक. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून पट्टी चढवणारा चिमटा, लावून पाहिला. सी कॉर्डच्याच आकारांतून पांढरी चार काढायची तर कॅपो पाचव्या फ्रेटवर (दांडीवरच्या आडव्या पट्ट्या त्या फ्रेट) हवा, आणि माझ्या सोप्रानोला, म्हणजे छोट्या आकाराच्या युकुलेलेला, फ्रेट आहेत बारा. उरलेल्या जागेत बोटं एकमेकांच्या पायावर पाय देत होती.

मग म्हटलं, संथ गाणी घेऊ, सोपी असतात. साफ चूक. युकुलेलेचा सूर छेडला की लगेच विरतो. शिवाय खर्ज नाही. चार तारांतली सगळ्यात खालच्या सुराची तार मधल्या सप्तकाच्या पांढरी एकला लागते, आणि हनुवटीजवळची, जी जाड असेल असं वाटतं, ती उलट तिच्याहून वरच्या सुरात! त्यामुळे दोन ठोक्यांच्या मध्ये जी शांतता पसरते, ती गळ्यानं भरून काढावी लागते. माझा गळा तेवढा श्रीमंत नाही. चार गाणी एका संध्याकाळी कटली, त्यातलं एक फार जिवाभावाचं होतं.

उरलेल्यांतलं एक ताईला वाजवून दाखवलं. तिला कॉर्ड वगैरे काही कळत नाही. ती म्हणाली, "प्रत्येक ओळीत एक शब्द गिळतोस तू." फोनवर रेकॉर्ड करून ऐकलं. खरंच होतं. अवघड कॉर्ड जवळ आली की मी श्वास रोखून धरत होतो, आणि नेमका तिथलाच शब्द गडप. पुढचा आठवडाभर शब्द न म्हणता नुसत्या त्या दोन कॉर्ड, इकडून तिकडे, तिकडून इकडे. घरच्यांच्या सहनशीलतेबद्दल इथं लिहीत नाही.

गाण्यांआधी बोलायला म्हणून छोटं भाषणही तयार केलं होतं. १८७९ साली पोर्तुगालच्या माडेरा बेटावरची माणसं जहाजानं होनोलुलूला गेली, त्यांच्यातल्या सुतारकाम जाणणाऱ्यांनी आपल्या गावाकडच्या छोट्या वाद्यावरून हे घडवलं, आणि हवाईतल्या भाषेत नावाचा अर्थ 'उड्या मारणारी पिसू' असा सांगतात. भाषण पाठ झालं, फार आवडलंही. मग लक्षात आलं, ते मी वाजवणं लांबवायला लिहिलंय. काढून टाकलं. (पिसू ठेवावी का, यावर दोन दिवस गेले.)

आता उभं राहून सराव चालू आहे. बसून मांडीचा आधार होता. उभं राहिल्यावर वाद्य उजव्या हातानं छातीशी धरायचं आणि त्याच हातानं वाजवायचं, पट्टा नसला की ते घसरतं. पहिलं गाणं म्हणून सगळ्यात सोपं ठेवलंय, हात थरथरले तरी निभेल असं. दर वेळी वाजवायला घेण्याआधी तारा लावतो. नव्या नायलॉनच्या आहेत, अजून ताणतायत. ठोके देणारा मेट्रोनोम बंद केला की शेवटचं कडवं अजूनही धावत सुटतं.

तीन गाणी ठरली. त्यातली दोन अठराच्या यादीत नव्हतीच. यादीतलं ते जिवाभावाचं रात्री दार लावून वाजवतो, पांढरी चारमध्येच. बी फ्लॅट दहातून सहा वेळा लागतो.